गच्चीला डांबरी शीट : सहा रोल की आठ?

प्रश्न : रत्नागिरीत आमची ३० बाय २० फुटांची गच्ची आहे. डांबरी शीट मारायला सहा रोल पुरतील, असं कंत्राटदार म्हणतो. हिशेब बरोबर आहे का?

उत्तर : नाही, आठ धरा. गच्ची ६०० चौरस फूट, पण शीट कठड्यावरही फूटभर चढवावी लागते. घेर १०० फूट, म्हणजे आणखी १००. एकूण ७००, सुमारे ६५ चौरस मीटर. रोल १० बाय १ मीटरचा असतो खरा. पण एका शीटवर दुसरी चढवताना बाजूला १० आणि टोकाला १५ सेंटिमीटर जोड गेला की हाती जेमतेम ८.९ चौरस मीटर उरतात, म्हणून आठ. प्रायमर १६-१७ लिटर लागेल.

कोबा फोडणं, ढाळ काढणं आणि पाइपाच्या तोंडाची दुरुस्ती यांचे दर वेगळे लिहून घ्या. बिल फुगतं ते तिथेच.

पावसाळा संपल्यासंपल्या घाई नको. स्लॅबवर मीटरभर प्लास्टिक चारी कडांनी चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी खाली दव दिसलं तर थांबा. ओल्या स्लॅबवर शीट ज्योतीने भाजून चिकटवली की उन्हात वाफ कोंडून फुगे येतात. शीट उघडीच राहणार असेल तर दाणेदार पृष्ठभागाची घ्या, साधी उन्हाने तडकते.