‘माझ्या जीन्समध्येच नाही’ म्हणणारी धावपटू

“मॅडम, रक्तातच नसेल तर घाम गाळून काय उपयोग?”

धावणारे, सायकलवाले, लांब पल्ल्याचे पोहणारे, सगळ्यांच्या तोंडून हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की शेवटी लिहायलाच बसले. कुणाच्या हातात लाळेच्या नमुन्यावरून काढलेला जनुक चाचणीचा अहवाल असतो. कुणाच्या मनगटावरचं घड्याळ ‘व्हीओटू मॅक्स’ (शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता) महिनोन्महिने त्याच आकड्यावर दाखवत असतं. काळजी मात्र एकच: मी मुळातच त्या मातीचा नाही.

त्यातल्या एकीची गोष्ट सांगते, ओळख पुसून. विशीतली मुलगी. मोठी बहीणही धावायची. प्रशिक्षक एक, वेळापत्रक एक. बहिणीची वेळ दर मोसमात कमी होत गेली, हिची अडकली. मग अहवाल आला. ‘सहनशक्ती: कमी’, लाल चौकटीत.

“विज्ञानच सांगतंय, मॅडम. ताईला मिळालं, मला नाही. एकाच आईबापाच्या आम्ही!”

सख्ख्या बहिणींना आईवडिलांकडून मिळणारा जीन्सचा, म्हणजे जनुकांचा, वाटा सरासरी निम्माच सारखा असतो, हे तिला ठाऊक होतं. जीन्सला काही महत्त्वच नाही अशी खोटी समजूत मी कुणाची घालत नाही. ‘हेरिटेज’ नावाच्या प्रसिद्ध अभ्यासात ९८ कुटुंबांतल्या, आधी व्यायाम न करणाऱ्या ४८१ जणांना २० आठवडे सारखाच सायकलिंगचा सराव दिला होता. शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता सरासरी मिनिटाला ०.४ लिटरच्या आसपास वाढली. पण काहींची जवळजवळ वाढलीच नाही आणि काहींची एक लिटरहून जास्त वाढली. या फरकात आनुवंशिकतेचा वाटा जास्तीत जास्त ४७ टक्के निघाला. इथे लोक हमखास घसरतात. तो आकडा माणसामाणसांतल्या फरकाचा आहे. ‘माझ्या धावण्यातलं ४७ टक्के जीन्सच्या हातात’ असा त्याचा अर्थ नाही. शिवाय तो असंख्य जनुकांचा एकत्रित परिणाम. तिच्या अहवालात होती जेमतेम दोन, एसीई आणि एसीटीएन-थ्री. त्यांवरून कुणाची सहनशक्ती वर्तवता येत नाही. एकाच जनुकाने मोठा फरक पडल्याची उदाहरणं आहेत. फिनलंडचा स्कीपटू एरो मँटिरांटा, सात ऑलिम्पिक पदकं, रक्तात जन्मतःच जास्त हिमोग्लोबिन. पण ती दुर्मीळ गोष्ट. त्याच्या कितीतरी नातेवाइकांत तोच बदल सापडला आणि त्यांतले बहुतेक ऑलिम्पिकच्या वाटेला गेले नाहीत.

हे सगळं तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, “म्हणजे मी त्या न वाढणाऱ्यांतली.”

एवढ्या माहितीतून तिने नेमकं स्वतःविरुद्धचं तेवढं उचललं. असं झालं की मी आणखी माहिती देत नाही. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या वाटेची समुपदेशक आहे. माणूस घटनेने जितका अडकतो, त्याहून जास्त तिच्याबद्दलच्या ठाम समजाने अडकतो, असं मानणारी. म्हणून अहवाल बाजूला ठेवून तिलाच विचारलं.

“तो उघडलास तेव्हा काय वाटलं?”

“वाईट वाटलं.”

“ते नंतर. अगदी पहिल्या क्षणी?”

ती बराच वेळ गप्प होती. अशा वेळी बोलायचं नाही, हे इतक्या वर्षांच्या सरावाने मला जमतं.

“हुश्श झालं,” ती म्हणाली. स्वतःच दचकली. “म्हणजे… आता ताईला गाठायला नको.”

त्या कागदाने तिची रजा मंजूर केली होती. अडचण जीन्सची नव्हतीच. ‘ताईइतकी झाले नाही तर माझं धावणं फुकट’ या एका समजावर ती वर्षानुवर्षं धावत होती आणि दमली होती. लाल चौकटीने तिला सन्मानाने माघार घेऊ दिली. अशा अहवालांना लोक इतके का चिकटतात, याचं मला सापडलेलं उत्तर हेच. त्यांत दुःख असतं, पण सुटकाही असते. आणि सुटका कुणी सहजी सोडत नाही.

“ताई धावत नसती, तर तू धावली असतीस?”

“पहाटे उठले असते… हो. घड्याळ मात्र घातलं नसतं.”

पुढच्या भेटींमध्ये याच वाक्यावर काम झालं.

समजाची ताकद किती, यासाठी २०१८ चा स्टॅनफर्डचा एक प्रयोग मी आवर्जून सांगते. लोकांना ट्रेडमिलवर धावायला लावलं. मग त्यांच्यात व्यायामाला पोषक जनुक आहे की मारक, हे सांगितलं, पण खऱ्या निकालाकडे न बघता, चिठ्ठ्या टाकल्यासारखं. ‘मारक आहे’ असं ऐकलेले पुढच्या वेळी लवकर थांबले. त्यांच्या श्वसनाच्या मोजमापांतही घट दिसली. काही मोजमापांत तर ऐकलेल्याचा परिणाम खऱ्या जनुकापेक्षा मोठा निघाला.

मग प्रशिक्षकांशी बोलणं झालं आणि एक साधी गोष्ट पुढे आली. ती रोज ताईच्या वेगाने धावायचा प्रयत्न करायची, म्हणून तिची ‘सावकाश’ धाव कधी सावकाश नसायचीच. रक्तातलं पाणी वाढायला आठवडा-दोन आठवडे पुरतात. पण हृदयाची डावी जवनिका (शरीराला रक्त पुरवणारा खालचा कप्पा) मोठी होऊन एका ठोक्याला जास्त रक्त ढकलू लागायला महिने लागतात, आणि त्यासाठी झेपेल अशा वेगाने भरपूर वेळ द्यावा लागतो. तिचं वेळापत्रक वेगळं केलं. ‘माझ्यावर व्यायामाचा परिणामच होत नाही’ म्हणणाऱ्यांना मी २०१७ चा एक अभ्यासही सांगते. त्यात सहा आठवड्यांत काहीच न वाढलेल्यांना आणखी सहा आठवडे, आठवड्याला दोन सत्रं जास्त दिली, आणि सगळ्यांचीच क्षमता वाढली.

ती आजही बहिणीच्या मागेच आहे, चांगली मागे. पण जो वेग अर्धा तास टिकायचा तो आता तासभर टिकतो.

पालक विचारतात, मुलाची चाचणी करून खेळ ठरवू का? नको. २०१५ मध्ये क्रीडावैद्यकातल्या तज्ज्ञांनी एकत्रितपणे हेच सांगितलं: गुणवत्ता हेरायला किंवा सराव ठरवायला या चाचण्या वापरू नयेत, मुलांवर तर नाहीच.

एका ठिकाणी मात्र आनुवंशिकतेची भीती खरी मानायची. घरात कुणी तरुण वयात अचानक गेलं असेल, धावताना भोवळ येऊन पडायला झालं असेल, श्रम करताना छातीत दुखत असेल, तर आधी हृदयरोगतज्ज्ञ गाठा. हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आनुवंशिक आजार साधारण ५०० मध्ये एकाला असतो आणि सरावाने मोठं झालेलं हृदय कधीकधी तसंच दिसतं. कसलेल्या धावपटूची विश्रांतीतली नाडी चाळीसच्या घरात असणं नेहमीचं आहे. तिच्यासोबत चक्कर येणं नेहमीचं नाही. ईसीजी आणि इको झाल्यावर मग माझ्याकडे या.