मोटार कंपन्यांना दिलेले बहुतेक पैसे परत आले, तरी अमेरिकी जनतेचा राग का टिकला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : २००८-०९ मध्ये अमेरिकी सरकारने जनरल मोटर्स आणि क्रायस्लर यांना बुडण्यापासून वाचवले, त्यातली बहुतांश रक्कम सरकारला परतही मिळाली, आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांचे पगार कंपन्यांच्या तोट्यापुढे किरकोळ होते, मग लोकांचा संताप त्या पगारांवरच का केंद्रित झाला, आणि तो निव्वळ मत्सर होता का? मी पुण्याजवळ वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात खर्चाचे हिशेब पाहतो, आणि या प्रकरणाचा अभ्यास मी बरीच वर्षे आस्थेने केला आहे. माझ्या मते तो मत्सर नव्हता. त्या व्यवहारात त्याग दोन्ही बाजूंकडून मागितला गेला, परंतु कामगारांचा त्याग करारात कायम झाला आणि अधिकाऱ्यांचा त्याग सरकारी भांडवल कंपनीत असेपर्यंतच टिकला. लोकांना हे पुरेपूर कळले होते.

आधी तुमच्या आकड्यांच्या मुद्द्याबद्दल. तो खरा आहे. जनरल मोटर्सने २००७ साली ३८.७ अब्ज डॉलरचा तोटा दाखवला आणि त्याच वर्षी तिचे प्रमुख रिक वॅगनर यांना सर्व मिळून सुमारे दीड कोटी डॉलर मिळाले. म्हणजे तोट्याच्या दर हजार डॉलरमागे जेमतेम चाळीस सेंट. त्या तोट्याचा मोठा भाग करविषयक हिशेबी तरतुदीचा होता हे लक्षात घेऊनही प्रमाण नगण्यच राहते. वॅगनर यांनी एक छदामही घेतला नसता तरी कंपनी वाचली नसती. मात्र पगार हा केवळ खर्चाचा आकडा नसतो. कामगिरी आणि मोबदला यांचा एकमेकांशी काय संबंध मानला जातो, हे त्यातून जाहीर होत असते. ज्या कंपनीने कामगारांना वर्षानुवर्षे सांगितले की मोबदला स्पर्धेत टिकण्यासारखाच असला पाहिजे, तिनेच इतिहासातल्या सर्वांत मोठ्या तोट्याच्या वर्षी आपल्या प्रमुखाला एवढी रक्कम द्यावी, हे पाहून डेट्रॉइट या मोटार उद्योगाच्या शहरातल्या कामगाराने काय समजायचे?

त्या संतापाला तोंड फुटले ते १९ नोव्हेंबर २००८ रोजी. जनरल मोटर्सचे वॅगनर, फोर्डचे अ‍ॅलन मुलाली आणि क्रायस्लरचे रॉबर्ट नार्डेली हे तिघे २५ अब्ज डॉलरची मदत मागण्यासाठी प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे बसले होते आणि तिघेही कंपनीच्या खासगी विमानांनी वॉशिंग्टनला आले होते. ब्रॅड शर्मन या सदस्याने विचारले की, तुमच्यापैकी नेहमीच्या प्रवासी विमानाने कोण आले त्यांनी हात वर करावा. एकही हात वर झाला नाही. वर्षाला एक डॉलर पगारावर काम कराल का, असे विचारल्यावर मुलाली यांनी आपण आहोत तिथे ठीक आहोत अशा अर्थाचे उत्तर दिले. नार्डेली तर आदल्याच वर्षी होम डेपो या कंपनीतून सुमारे २१ कोटी डॉलर घेऊन बाहेर पडलेले होते. दोन आठवड्यांनी तिघे पुन्हा आले तेव्हा डेट्रॉइटहून मोटारीने आले, एक डॉलर पगाराची तयारी दाखवली आणि विमाने विकू म्हणाले. नाक दाबल्यावर तोंड उघडावे तसा तो प्रकार लोकांना वाटला, आणि तो तसाच होता. फोर्डच्या बाबतीत मात्र एक गोष्ट नोंदवली पाहिजे : त्या कंपनीने २००६ च्या अखेरीस आपली बहुतेक मालमत्ता, अगदी बोधचिन्हसुद्धा, तारण ठेवून २३.६ अब्ज डॉलर उभे केले होते, त्यामुळे तिला या योजनेतून पैसे घ्यावे लागले नाहीत. मुलाली यांच्यावरचा रोष म्हणूनच पुढे ओसरला.

त्याच महिन्यात दुसरीकडे कामगारांविषयी एक आकडा फिरत होता, आणि त्याबद्दल मला आजही चीड आहे. मोटार कामगाराला ताशी ७३ डॉलर मिळतात, असे वृत्तपत्रांत आणि दूरचित्रवाणीवर रोज सांगितले जात होते. प्रत्यक्षात जुन्या कायम कामगाराची मजुरी ताशी सुमारे २८ डॉलर होती. त्यात विमा, रजा, निवृत्तिवेतनाचा हप्ता धरला की रक्कम वाढे; परंतु ७३ पर्यंत पोहोचण्यासाठी लाखो सेवानिवृत्तांच्या वैद्यकीय खर्चाचा आणि निवृत्तिवेतनाचा बोजा सध्या कामावर असलेल्या माणसांच्या तासांनी भागावा लागत होता. कामगार जितके कमी होत जातील तितका हा भागाकार फुगत जाणार, कारण सेवानिवृत्तांची संख्या तीच राहते. खर्चलेखा शिकणाऱ्या कोणाही विद्यार्थ्याला हा दोष दिसेल. शिवाय २००७ च्या करारानुसार नव्याने भरती होणाऱ्या कामगारांना तर ताशी १४ डॉलरच्या आसपासच मजुरी ठरली होती. तरीही ११ डिसेंबर २००८ रोजी सिनेटमध्ये मदतीचे विधेयक अडले ते मुख्यतः एका तारखेवर : कामगारांचा मोबदला अमेरिकेतल्या जपानी कारखान्यांच्या पातळीवर कोणत्या दिवसापर्यंत आणायचा, यावर युनायटेड ऑटो वर्कर्स ही संघटना आणि रिपब्लिकन सदस्य यांचे एकमत झाले नाही. शेवटी अध्यक्ष बुश यांनी १९ डिसेंबर रोजी, बँकांसाठी मंजूर झालेल्या ७०० अब्ज डॉलरच्या निधीतून १७.४ अब्ज डॉलरचे कर्ज जाहीर केले.

बँकांचा उल्लेख आलाच आहे तर एवढेच सांगतो की, मार्च २००९ मध्ये एआयजी या विमा कंपनीने सरकारी पैशावर तगून असताना १६.५ कोटी डॉलरचे बोनस वाटले, तेव्हा ते थांबवता येणार नाहीत कारण ते करारात आहेत, असे सरकारच्या वतीने सांगण्यात आले. नेमक्या त्याच आठवड्यांत मोटार कामगारांचे करार पुन्हा उघडून त्यातली कलमे काढली जात होती. वित्तक्षेत्रातल्या माणसाचा करार पवित्र आणि कारखान्यातल्या माणसाचा करार लवचीक, हा भेद लोकांनी त्या मार्चमध्ये स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला.

आता कोणी काय सोडले ते पाहू. वॅगनर यांना मार्च २००९ च्या अखेरीस ओबामा प्रशासनाने पायउतार व्हायला लावले. ३० एप्रिलला क्रायस्लरने आणि १ जूनला जनरल मोटर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला. कामगार संघटनेने महागाई भत्ता सोडला, बोनस सोडला, काही सुट्ट्या सोडल्या, २०१५ पर्यंत वेतनासाठी संप न करण्याचे मान्य केले, आणि सेवानिवृत्तांच्या वैद्यकीय निधीत रोख रकमेऐवजी मोठ्या प्रमाणात कंपनीचे समभाग घेण्याचा धोका पत्करला. डझनाहून अधिक कारखाने आणि गोदामे बंद करण्याचे जाहीर झाले. क्रायस्लरने एका फटक्यात ७८९ वितरकांशी संबंध तोडले. त्यांत दोन-तीन पिढ्यांचे धंदे होते.

अधिकाऱ्यांच्या बाजूनेही बंधने आली, हे अमान्य करता येणार नाही. जून २००९ मध्ये केनेथ फाइनबर्ग यांची वेतनावर देखरेख ठेवण्यासाठी नेमणूक झाली आणि त्यांनी ऑक्टोबरमध्ये सर्वाधिक सरकारी मदत घेतलेल्या सात कंपन्यांच्या सर्वोच्च अधिकाऱ्यांचे रोख वेतन सरासरी ९० टक्क्यांनी कापले. पण ही पकड लवकरच सैल झाली. २०१२ साली एआयजी, जनरल मोटर्स आणि अ‍ॅली (जनरल मोटर्सची पूर्वीची कर्जपुरवठा कंपनी) या तीन कंपन्यांनी केलेल्या पगारवाढीच्या सर्व १८ विनंत्या अर्थखात्याने मान्य केल्या, आणि ७०० अब्जांच्या त्या मदतनिधीवर लक्ष ठेवणाऱ्या विशेष महानिरीक्षकांनी जानेवारी २०१३ च्या अहवालात त्यावर कडक टीका केली. जनरल मोटर्सचे तेव्हाचे प्रमुख डॅन अ‍ॅकरसन यांना वर्षाला ९० लाख डॉलर मिळत होते, तेही सरकार मोठा भागधारक असताना. ९ डिसेंबर २०१३ रोजी सरकारने आपले शेवटचे समभाग विकले, वेतनावरचे बंधन संपले, आणि दोनच महिन्यांत नव्या प्रमुख मेरी बारा यांच्यासाठी १ कोटी ४४ लाख डॉलरचा मोबदला जाहीर झाला. बारा यांच्या कर्तृत्वाबद्दल मला आदर आहे आणि त्यांना आधीच्या पुरुष प्रमुखांपेक्षा कमी मिळावे असे मी म्हणणार नाही. मुद्दा असा की, त्याच दिवशी कामगारांचे एकही सोडलेले कलम परत आले नाही. महागाई भत्ता परत आला तो २०२३ च्या शेवटी, सहा आठवड्यांच्या संपानंतर. म्हणजे अधिकाऱ्यांचे निर्बंध साडेचार वर्षांत गेले आणि कामगारांचा भत्ता परतायला चौदा वर्षे लागली. संघटनेचे अध्यक्ष शॉन फेन यांनी त्या संपात ४० टक्के वाढ मागितली, आणि तिचा आधार उघडपणे हाच सांगितला की मागच्या चार वर्षांत कंपन्यांच्या प्रमुखांचे वेतन साधारण तितकेच वाढले आहे. शेवटी २५ टक्क्यांवर तडजोड झाली, आणि पुढच्याच महिन्यात जनरल मोटर्सने आपलेच समभाग परत विकत घेण्यासाठी १० अब्ज डॉलर काढले.

पैसे परत आले, हा तुमचा मुद्दाही थोडा तपासावा लागतो. एकूण सुमारे ८० अब्ज डॉलर या उद्योगात गेले आणि साधारण ९ अब्जांचा तोटा सरकारने सोसला. जनरल मोटर्सच्या ४९.५ अब्जांपैकी सुमारे ३९ अब्ज परत मिळाले. लाखो संसार उघड्यावर येण्यापेक्षा ही किंमत मला रास्त वाटते, आणि वाचवण्याचा निर्णय योग्यच होता असे माझे ठाम मत आहे. परंतु एप्रिल २०१० मध्ये जनरल मोटर्सचे प्रमुख एड व्हिटेकर यांनी दूरचित्रवाणीवर जाहिरात करून सांगितले की, आम्ही सरकारचे कर्ज व्याजासह आणि मुदतीच्या पाच वर्षे आधी पूर्ण फेडले आहे. ते फक्त ६.७ अब्जांच्या कर्जाबद्दल बोलत होते. उरलेला सारा पैसा समभागांच्या रूपाने अडकलेला होता, आणि फेडीची रक्कमही सरकारनेच दिलेल्या राखीव खात्यातून काढलेली होती. शिवाय मालकी बदलल्यावर जुन्या तोट्याची करसवलत सहसा बरीचशी गमवावी लागते, ती सुमारे ४५ अब्ज डॉलरच्या वजावटीची सवलत या कंपनीला राखू देण्यात आली. लोकांशी सरळ बोलले असते तर लोकांनी समजून घेतले असते. अर्धे सांगून पूर्ण श्रेय घेतल्याने विश्वास गेला.

राग एकाच गटाचा होता असेही समजू नका. डेल्फाय ही जनरल मोटर्सपासून वेगळी झालेली सुट्या भागांची कंपनी होती. तिच्या संघटित कामगारांच्या निवृत्तिवेतनातली तूट जनरल मोटर्सने भरून दिली; संघटना नसलेल्या सुमारे २०,००० पगारदार कर्मचाऱ्यांची मात्र कोणी भरली नाही, आणि त्यांपैकी अनेकांचे निवृत्तिवेतन मोठ्या प्रमाणात कापले गेले. हे लोक अभियंते, पर्यवेक्षक, हिशेबनीस होते. त्यांनी तेरा वर्षे न्यायालयांत झुंज दिली आणि जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे प्रकरण ऐकण्यास नकार दिला. माझ्यासारखेच काम करणारी ती माणसे. या संपूर्ण प्रकरणात मला सर्वांत जास्त अन्याय त्यांच्यावर झालेला दिसतो, आणि त्यांच्याविषयी सर्वांत कमी लिहिले गेले आहे.

आपल्याकडच्या वाचकांना हे सारे दूरचे वाटू नये म्हणून सांगतो. जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना सप्टेंबर २००८ मध्ये, म्हणजे त्या सुनावणीच्या दोन महिने आधी सुरू झाला होता. मूळ कंपनी वाचली म्हणून तोही चालू राहिला. पुढे कंपनी नफ्यात असताना तिने भारतातली विक्री थांबवली, डिसेंबर २०२० मध्ये तळेगावचे उत्पादन बंद केले आणि हजाराहून अधिक कामगारांना नुकसानभरपाईसाठी झगडावे लागले. जगण्यासाठी मिळालेला सार्वजनिक पैसा कंपनीला पुढच्या निर्णयांत कोणाशीही बांधून ठेवत नाही, हे तिथे आपण जवळून पाहिले.

वेगळे काही करता आले असते का, असेही तुम्ही विचारले आहे. आले असते, कारण काही अंशी ते आधी झालेले होते. १९७९-८० मध्ये क्रायस्लरला दीड अब्ज डॉलरची सरकारी कर्जहमी मिळाली तेव्हा ली आयकोका यांनी एक डॉलर पगार घेतला, कामगार संघटनेचे अध्यक्ष डग्लस फ्रेझर यांना संचालक मंडळावर जागा मिळाली, आणि सरकारने ठरावीक दराने समभाग घेण्याचा हक्क स्वतःकडे राखला. १९८३ मध्ये कर्ज मुदतीआधी फिटले तेव्हा कंपनीने तो हक्क सोडून द्यावा अशी विनवणी केली. सरकारने तो लिलावात काढला आणि ३१.१ कोटी डॉलर मिळवले. आयकोका यांचे उत्पन्न पुढे कोटींत गेले आणि त्यावर टीकाही झाली, तेव्हा मी त्या कराराला आदर्श म्हणत नाही. मी असतो तर २००९ च्या करारात एकच कलम वाढवले असते : कामगारांनी सोडलेले जे जे परत येईल, त्याच प्रमाणात आणि त्याच तारखेला अधिकाऱ्यांचे वेतन वाढेल, आणि सरकारने समभाग विकले तरी हे कलम कंपनीवर बंधनकारक राहील. त्या उन्हाळ्यात नव्या जनरल मोटर्सची ६०.८ टक्के मालकी अमेरिकी सरकारच्या हातात होती, आणि असे कलम घालायला लागणारे सर्व अधिकार त्या मालकीत होते.