'वाचणे' म्हणजे पुस्तकाला वाचा फोडणे

एका ताईंनी विचारलंय की, "मी एका लेखात 'कुराण वाचलं' असं लिहिलं होतं, तर तपासणाऱ्या सरांनी ते खोडून 'कुराण पठण केलं' असं केलं. म्हणाले, धर्मग्रंथ वाचत नसतात, बायबलचंही पठण म्हणावं आणि गीतेचं पारायण. 'वाचणे' हा शब्द एवढा हलका आहे का? आणि त्याच लेखात आदिवासी धर्मांना 'ग्रंथहीन धर्म' म्हटलंय, ते बरोबर आहे का?"

नाही, आणि नाही. झालं उत्तर, पण हे 'पठण शुद्ध आणि वाचणं अशुद्ध' मी इतक्या वेळा ऐकलंय की आता नीट लिहूनच टाकतो.

वाचणे म्हणजे अक्षरं ओळखणे, हवा वाचणे, चेहरा वाचणे वगैरे अर्थ सगळ्यांना माहीत आहेत, ते सोडतो. मुळाकडे या. संस्कृत धातू वच्, म्हणजे बोलणे. वचन, वाक्य, वाचा, वाच्यता, उक्ती ही सगळी त्याचीच पोरं. आता शाळेतलं प्रयोजक आठवा, पडणे-पाडणे, मरणे-मारणे. पडतो तो स्वतः, पाडतो तो दुसऱ्याला. तसंच वच् चं प्रयोजक वाचयति, म्हणजे 'बोलायला लावतो', आणि आपलं 'वाचतो' थेट याच्यातून आलंय! म्हणजे वाचणे या शब्दात डोळे कुठेच नाहीत, अक्षरं नाहीत, कागद नाही. आहे ते फक्त तोंड, आणि तेही दुसऱ्याचं.

पुरावा पाहिजे? पुण्याहवाचन. यात कोण काय वाचतं? काहीच नाही! यजमान ब्राह्मणांना विनंती करतो की 'हा दिवस पुण्यकारक' असं म्हणा, आणि ते म्हणतात. त्यांच्याकडून 'पुण्याह' असं वदवून घेणं म्हणजे पुण्याहवाचन. स्वस्तिवाचनाचंही तेच. लोक वर्षानुवर्षं हे शब्द वापरतात आणि समजतात की पुस्तकातून काहीतरी वाचायचा विधी असेल.

आता माझं मत सांगतो, आणि हे माझं आहे, कोणत्या कोशात शोधू नका. आधी माणसाला बोलायला लावायचे, मग पानं आली आणि पानालाच बोलायला लावायला लागले. शब्द तोच राहिला, फक्त समोर माणसाच्या जागी पोथी आली. म्हणून वाचणे म्हणजे पुस्तकाला वाचा फोडणे. याहून मानाचा शब्द धर्मग्रंथासाठी कुठून आणणार तुम्ही?

आणि ज्या कुराणावरून सरांनी लाल पेन चालवलं त्याचंच नाव बघा. अरबी धातू क-र-अ, अर्थ मोठ्याने म्हणणे, वाचणे. त्यावरून कुरआन, म्हणजे जे म्हटलं जातं ते. परंपरेनुसार हिरा गुहेत पैगंबरांवर उतरलेला पहिला शब्द 'इक्रा', आज तो ९६ व्या सूरहच्या, म्हणजे अध्यायाच्या, सुरुवातीला आहे. त्यावर त्यांचं उत्तर होतं, मी वाचणारा नाही. समोर कागद नव्हता, तरी आज्ञा आली 'इक्रा'! याचं मराठी 'वाच' असं केलं तर काही लोक म्हणतात चूक, 'पठण कर' पाहिजे. अहो, वाच या शब्दाच्या मुळाशीच मुखाने बोलणं आहे, याच्याइतकं चपखल भाषांतर शोधून सापडणार नाही. अरबीत तर छापील किंवा हस्तलिखित प्रतीला वेगळा शब्द आहे, मुस्हफ. कपाटात असतो तो मुस्हफ, कंठात असतं ते कुराण. ११४ सूरह पाठ असणारा तो हाफिज, म्हणजे जपणारा. सुरात म्हणणारा तो कारी, आणि म्हणण्याच्या मान्य पद्धती त्या किरात, हे दोन्ही शब्द परत त्याच धातूचे. उस्मान खलिफांच्या काळात, साधारण ६५० च्या आसपास, प्रमाण प्रती तयार होऊन वेगवेगळ्या शहरांत गेल्या तेव्हा सोबत म्हणून दाखवणारे लोकही पाठवले असं परंपरा सांगते, कारण तेव्हाच्या लिपीत स्वरचिन्हं नव्हती, नुसत्या पानावरून म्हणणार कसं?

हीच गोष्ट हिब्रूत. तिथेही धातू क-र-अ च, या अरबी धातूचा भाऊ. ज्यू लोक आपल्या धर्मशास्त्राला तनाख म्हणतात तसंच मिक्रा पण म्हणतात, म्हणजे पुकारलेलं, वाचलेलं. तोरा म्हणजे तनाखची पहिली पाच पुस्तकं, त्यातल्या तिसऱ्याचं नावच वायिक्रा, 'आणि त्याने हाक मारली'. कुराण आणि मिक्रा सख्खे चुलत भाऊ, हे किती जणांना माहीत असतं? आणि सिनेगॉगमधल्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळातल्या, तोराच्या गुंडाळीत आजही फक्त व्यंजनं असतात, स्वर वाचणाऱ्याने आणायचे, ते त्याने आधी कुणाच्या तरी तोंडून ऐकलेले असले पाहिजेत. त्याहून भारी म्हणजे क्तीव आणि क्री. क्तीव म्हणजे लिहिलेलं, क्री म्हणजे वाचायचं, आणि काही ठिकाणी दोन्ही वेगळे! देवाचं चार अक्षरी नाव लिहिलेलं असतं पण वाचताना म्हणायचं अदोनाई. डोळ्याला एक दिसतंय, तोंडाने दुसरं, आणि या दुसऱ्यालाच 'वाचणं' म्हणतात.

बायबल मात्र खरंच वस्तूवरून आलेलं नाव आहे, ग्रीक बिब्लिया, छोटी पुस्तकं, पपायरसच्या नावावरून. पण म्हणून ते मनातल्या मनात वाचत होते असं नाही. बायबलमधलंच 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक, अध्याय ८, इथियोपियाचा एक अधिकारी रथात बसून यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचतोय आणि फिलिप्प नावाचा ख्रिस्ती प्रचारक धावत जवळ जातो तर त्याला ते ऐकू येतं. एकटाच वाचतोय, तरी ऐकू येतंय! शिखांमध्ये गुरू ग्रंथसाहिब उघडून जे पद मोठ्याने वाचतात त्याला 'वाक' म्हणतात, म्हणजे परत आपलं वच्. बौद्धांची सुत्तं, म्हणजे बुद्धाची प्रवचनं, 'एवं मे सुतं', मी असं ऐकलंय, इथूनच सुरू होतात, ती पाठ ठेवणारे ते भाणक म्हणजे म्हणणारे, आणि ती श्रीलंकेत लिहून काढली इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात, म्हणजे कित्येक पिढ्या तोंडावरच होती.

इथे एक थांबा, कारण आता कुणीतरी 'वाचाल तर वाचाल' घेऊन येणार. ती घोषणा छान आहे, भिंतीवर जरूर लिहा, पण ती व्युत्पत्ती म्हणून सांगू नका!! जिवंत राहणे या अर्थाचं वाचणे वेगळ्या घरचं आहे, वञ्च् धातूचं, चुकवून निसटणे. जुन्या लिखाणात ते वांचणें असं अनुस्वार देऊन लिहायचे आणि पुस्तकवालं वाचणें बिनअनुस्वाराचं. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले आणि दोन अनोळखी माणसं जुळी दिसायला लागली. त्या जिवंत राहण्याच्या वाचण्याची खरी भावंडं बघायची तर वंचना आणि वंचित. जो निसटला तो वाचला, ज्याला चुकवलं तो वंचित.

असो, सरांच्या 'पठण'कडे. पठण वाईट नाही, वापरा की. पण 'वाचणं म्हणजे नुसतं पुस्तकात बघणं, पठण म्हणजे श्रद्धेने म्हणणं' हा भेद अलीकडचा आहे, तो मुळावर लादू नका. आणि पुस्तकात बघून म्हणणाऱ्याला जुने लोक काय म्हणायचे ते पाणिनीय शिक्षा या उच्चारशास्त्राच्या जुन्या ग्रंथात आहे: 'गीती शीघ्री शिरःकम्पी तथा लिखितपाठकः, अनर्थज्ञोऽल्पकण्ठश्च षडेते पाठकाधमाः'. रेकत म्हणणारा, घाईने म्हणणारा, मान हलवणारा, लिहिलेलं बघून म्हणणारा, अर्थ न कळणारा आणि बारीक आवाजाचा, हे सहा अधम पाठक. लिखितपाठक थेट अधमांच्या यादीत! आता बघा, या श्लोकात 'पाठक' आहे, म्हणजे पठ् धातू, आणि तो बघून म्हणणाऱ्यालाही लावलाय. मग पठण आपोआप पवित्र कुठे झालं? ऋग्वेदाची १०२८ सूक्तं पद, क्रम, जटा, घन अशा पाठपद्धतींनी शब्द सुटे करून, उलटसुलट गुंफून कंठात ठेवली, तिथे लिहिलेल्याला दुय्यमच जागा होती.

आणि म्हणूनच 'ग्रंथहीन धर्म' वाचून माझं डोकं फिरतं. याची मोठी जबाबदारी माझ्या मते संस्कृत पंडित मॅक्स म्युलर साहेबांवर आहे. त्यांच्या संपादनाखाली ऑक्सफर्डहून पूर्वेकडच्या पवित्र ग्रंथांची ५० खंडांची मालिका निघाली, १८७९ ते १९१०. काम प्रचंड, मान्य, पण तिने डोक्यात असं बसवलं की धर्म म्हटला की कपाटात त्याचा खंड पाहिजे. आणि ज्या माणसाने स्वतः ऋग्वेद छापला त्याला नक्की माहीत होतं की वेद हजारो वर्षं तोंडी टिकले. तरी नाव दिलं 'ग्रंथ'! ही चूक मला माफ करता येत नाही.

नायजेरियातल्या योरुबा लोकांचं इफा घ्या, म्हणजे कौल लावून देवाचं म्हणणं जाणायची त्यांची परंपरा. २५६ ओडू, म्हणजे कौलात येणाऱ्या खुणा, १६ गुणिले १६, आणि एकेका ओडूखाली ढीगभर पदं. बाबालावो, म्हणजे इफाचा पुजारी, ती वर्षानुवर्षं शिकून पाठ करतो, मग १६ ताडबिया हाताळून किंवा ओपेले नावाची साखळी टाकून जो ओडू येईल त्याची पदं म्हणतो. बियांना बोलायला लावतो! वाचयति! हे वाचन नाही तर काय आहे? हवाईचं कुमुलिपो, विश्वाच्या जन्माचं स्तोत्र, २१०२ ओळी, राजा कालाकाउआने १८८९ मध्ये छापलं, पण छापायच्या आधी ते काय अस्तित्वात नव्हतं? ऑस्ट्रेलियात उलुरू या प्रचंड खडकाच्या परिसरातल्या अनांगू आदिवासींचं ट्जुकुर्पा, ज्यात जगाची उत्पत्ती, कायदा, नातीगोती सगळं येतं, ते गाण्यांत आणि प्रत्यक्ष खडकांत, पाणवठ्यांत आहे. त्याला मराठीत 'स्वप्नकाळ' लिहितात तेही बंद करा, ते इंग्रजी भाषांतराचं भाषांतर आहे, आणि त्यांच्या दृष्टीने तो संपलेला काळही नाही.

तर 'ग्रंथहीन' काढा, 'निरक्षर' तर मुळीच नको. साधं 'मौखिक परंपरेचे धर्म' लिहा, किंवा धर्माचं जे स्वतःचं नाव आहे तेच लिहा, इफा, ट्जुकुर्पा.

आणि ताई, लेख छापून गेला नसेल तर 'कुराण वाचलं' परत घाला. पारायणाचं राहिलंच, ते पार अधिक अयन, पैलतीरापर्यंत जाणे, म्हणजे सुरुवातीपासून शेवटापर्यंत पूर्ण. गीतेचा एकच अध्याय म्हटला असेल तर ते पारायण नाही, तिथे सरांनी पेन चालवायला हवं होतं.