नेमकं साडेपाच तास मागे
प्रश्न: विंडोज 10 शेजारी उबुंटू ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. उबुंटूतून परतलं की विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे! शिवाय उबुंटूतून डी ड्राइव्हवर काही सेव्ह होत नाही. मदरबोर्डचा सेल बदलू का?
– एक वाचक, परळ

उत्तर: सेलसाठी लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजाराची फेरी वाचवा. सेल उतरला असता तर वेळ वाटेल तशी भरकटली असती, दरवेळी नेमकी साडेपाच तास नाही. मदरबोर्डच्या घड्याळात उबुंटू ग्रिनिचची वेळ लिहितं आणि विंडोज तीच मुंबईची समजतं. उबुंटूच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी 1’ ही कमांड इंग्रजीत टाइप करा.

डी ड्राइव्ह अडतो तो बहुधा विंडोजच्या फास्ट स्टार्टअप या सोयीमुळे. त्यात विंडोज पुरतं बंदच होत नाही, म्हणून उबुंटू त्या ड्राइव्हवर लिहीत नाही. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समधून फास्ट स्टार्टअप बंद करा, मग शटडाउन करा.