१२, १८ आणि २० चा लसावि १०८० कसा आला?

तुमच्या मुलीचं गणित असं: म्हापशाच्या स्टँडवरून पणजी, कळंगुट आणि शिवोलीच्या बसेस अनुक्रमे दर १२, १८ आणि २० मिनिटांनी सुटतात. सकाळी ७ ला तिन्ही एकदम सुटल्या, तर पुन्हा एकदम कधी? तिचं उत्तर १०८० मिनिटं, पुस्तकातलं १८०.

१०८० मिनिटं म्हणजे १८ तास, म्हणजे रात्रीचा १ वाजला. त्या वेळी म्हापशाहून शिवोलीची बस? शंका तिथेच यायला हवी होती.

तिन्हींना २ ने भागून तिला ६, ९, १० मिळाले. आता तिन्हींना भाग जाईल अशी संख्या नाही, म्हणून ती थांबली आणि २ × ६ × ९ × १० = १०८० केले. मसावि काढताना इथे थांबणं बरोबर. लसाविला मात्र कुठल्याही दोघांना भाग गेला तरी भागायचं, उरलेली संख्या तशीच खाली उतरवायची. ६ आणि १० ला २ ने भागा: ३, ९, ५. मग ३ आणि ९ ला ३ ने: १, ३, ५. आता २ × २ × ३ × १ × ३ × ५ = १८०, म्हणजे सकाळी १० वाजता. तिच्या गुणाकारात ६ आणि १० मधला सामाईक २, तसाच ६ आणि ९ मधला सामाईक ३, दोनदा मोजला गेला. म्हणून उत्तर बरोबर ६ पट फुगलं.

भागायचं ते मूळ संख्येनेच, म्हणजे २, ३, ५ अशा, जिला १ आणि स्वतःशिवाय कशानेच भाग जात नाही. घाईत १२ आणि २० ला ४ ने भागलं, तर १८ तसाच खाली येतो आणि त्याच्या पोटातला २ सुटत नाही. मग ३, १८, ५, पुढे ३ ने १, ६, ५, गुणाकार ३६०.

‘गुणाकार भागिले मसावि’ हे सूत्र दोनच संख्यांचं. तीन संख्यांना लावलं तर ४३२० ÷ २ = २१६०, तेही चूक. वापरायचंच तर जोडीने: १२ आणि १८ चा ३६, मग ३६ आणि २० चा १८०.

पडताळा मला हाच आवडतो: आलेल्या उत्तराला तिन्ही संख्यांनी भागा. १८० चे १५, १०, ९ येतात. तिघांना १ सोडून सामाईक विभाजक नाही, म्हणजे उत्तर पक्कं. १०८० चे ९०, ६०, ५४. तिघांचा मसावि ६, म्हणजे १०८० ला ६ ने भागलं की झालं. ३६० चे ३०, २०, १८, तिथे २ जास्तीचा.