गाडी शीफूच्या हाती, आपण खिडकीशी

प्रश्न : ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ग्वेलिनहून भाड्याची गाडी घेऊन लोंगशेंग, सानजियांगमार्गे ग्वेझोऊ प्रांतातल्या झाओशिंगला जायचा बेत आहे. आंतरराष्ट्रीय परवाना काढलाय. चालेल ना? (ठाणे)

उत्तर : नाही चालणार. चीनमध्ये हा परवाना मानत नाहीत. तात्पुरता स्थानिक परवाना मिळतो, पण आठवडाभरासाठी ती कागदपत्रं कोण करत बसणार? शिवाय वाहतूक रस्त्याच्या उजवीकडून. सरळ चालकासकट गाडी ठरवा. चालकाला ‘शीफू’ म्हणा. आपल्याकडे कसबी माणसाला ‘उस्ताद’ म्हणतात, तसंच. आमच्या शीफूंच्या शेजारी काचेची बाटली होती, तळाशी चहाची पानं. जिथे थांबू तिथे तीत गरम पाणी भरायचे. दिवसभर पानं तीच!

तारीख मात्र बदला. 1 ऑक्टोबर हा त्यांचा राष्ट्रीय दिन. त्या सुटीत छोट्या गाड्यांना महामार्गावर टोल माफ, मग अख्खा देश रस्त्यावर. सप्टेंबरअखेरीस, सुटी लागायच्या आत जा. लोंगशेंगच्या डोंगरउतारांवरची भातखाचरं तेव्हा पिवळी होऊ लागलेली असतात. खाचरांत नुसतं पाणी चमकताना बघायचं असेल तर मेअखेर ते जून. गाडी तिथल्या दाझाई गावात वर जात नाही. पुढची चढण पायीच, तेव्हा मोठी बॅग खालीच ठेवा. नाहीतर पाठीवर टोपली घेतलेल्या, तिथल्या याओ जमातीच्या बायका ती पैसे घेऊन वर नेतात, आणि धापा टाकत मागे राहतो तो बॅगेचा मालक.

प्रश्न : सानजियांगला थांबण्यासारखं काही आहे का? (कोल्हापूर)

उत्तर : एक रात्र तरी राहा. चंगयांगचा छप्पर असलेला लाकडी पूल तिथल्या दोंग जमातीच्या सुतारांनी 1912 ते 1924 या काळात उभारला. लाकूडकामात खिळा नाही, खाचेत कुसू बसवलेलं. आपल्या जुन्या वाड्यांची तुळई न्याहाळणाऱ्याला इथून हलवणं कठीण. आत बाकं आहेत, पाऊस आला की गावातले म्हातारे तिथेच बसतात.

तिथे तेल-चहा मिळेल. चहाची पानं तेलात परतून पाणी उकळतात, मीठ घालतात आणि वाडग्यात कुरकुरीत तांदूळ नि शेंगदाण्यांवर ओततात. भडंगावर खारट चहा ओतलाय असंच वाटतं. पहिला वाडगा मी शिष्टाचार म्हणून संपवला, दुसरा मागून घेतला.

प्रश्न : सासूबाई पक्क्या शाकाहारी आहेत. निभेल का? (सांगली)

उत्तर : निभेल, पण नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागत नाही. हिरवी पालेभाजीसुद्धा डुकराच्या चरबीत परतलेली असू शकते. ‘शाकाहारी, डुकराची चरबी, मांसाचं पाणी नको’ हे चिनी लिपीत कागदावर लिहून घ्या आणि थेट स्वयंपाक करणाऱ्यालाच दाखवा. भात, टोफू, शेंगदाणे बहुतेक ठिकाणी मिळतात. मेतकूट आणि लिंबाचं लोणचं सोबत असू द्याच.

प्रश्न : रोख किती न्यावी? (पुणे)

उत्तर : थोडी. रस्त्याकडेची संत्रीवालीही क्यूआर कोडच पुढे करते. अलीपे हे मोबाइलवरून पैसे देण्याचं अ‍ॅप इथूनच सुरू करून त्याला कार्ड जोडून जा.