माया लोकांकडं संबळ होता का?

प्रश्न (तुळजापूरजवळचे एक वाचक): आमच्या घरात तीन पिढ्यांपासून संबळ आहे, गोंधळाला जातो. पोरगं मोबाइलवर माया लोकांचे पिरॅमिड बघत होतं, तिथं नुसता दगडच दाखवायलेत. ते लोक वाजवत काय होते, नाचत होते का? आपल्या तुणतुण्यासारखं काही होतं का?

उत्तर: दादा, लई दिवसांनी असा प्रश्न आला, म्हणून जरा सविस्तर सांगतो. तुणतुण्याचं आधी सांगून टाकतो, गिटार, व्हायोलिन, हार्प अशी तारेची वाद्यं तिकडं, म्हणजे मायांच्या मेक्सिको-ग्वाटेमालात, स्पॅनिश लोकांबरोबर पोचली. मायांचा खरा जीव चामडं, लाकूड, शंख, हाड आणि मातीत. संबळासारखा जोड नव्हता पण पाश नावाचा उभा ढोल होता, एका तोंडाला कातडं, वाजवायचा हातानं. दुसरं म्हणजे तुंकुल, याला कातडंच नाही! लाकडाचा ओंडका आतनं पोकळ करायचा आणि वर इंग्रजी एच अक्षरासारखी चीर पाडायची, म्हणजे समोरासमोर दोन जिभा तयार होतात, दोन्हींचा सूर वेगळा. काठीच्या टोकाला रबराच्या झाडाचा चीक लावलेला. दिएगो दे लांदा नावाच्या स्पॅनिश पाद्रीनं १५६६ च्या सुमारास लिहून ठेवलंय की याचा आवाज जड आणि उदास असायचा. याच माणसानं १५६२ मध्ये मानी गावात मायांच्या पोथ्या जाळल्या, आणि आज त्यांच्या नाचाबद्दल वाचायचं तर त्याच्याच वहीत डोकवावं लागतं, मला हे वाचताना दरवेळी त्रास होतो.

नाचाचं म्हणाल तर राजा स्वतः नाचायचा. यश्चिलान या जुन्या माया शहरातल्या दगडी पट्ट्यांवर तिथला राजा पक्षी-जॅग्वार नाचताना कोरलाय, आणि माया लिपीत नाचाला स्वतःचं चिन्ह आहे. लांदानं कोलोमचे नावाचा नाच बघितला होता, मोठं रिंगण, वाद्यांच्या तालावर दोघं मधी येतात, एक जण उभ्यानं नाचत बोरूच्या काड्या जोर लावून फेकतो आणि दुसरा उकिडवा नाचत छोट्या काठीनं त्या अडवतो, ताल मात्र दोघांचाही सुटत नाही. गोंधळात रात्रभर उभं राहणाऱ्या माणसाला यातली मेहनत सांगायची गरज नाही.

पण एकच चीज बघायची असेल तर पोराला मोबाइलवर बोनाम्पाक शोधायला सांगा. मेक्सिकोच्या चियापासमधल्या जंगलातलं हे ठिकाण, तिथल्या तीन खोल्यांच्या भिंती सन ७९० च्या आसपास रंगवल्यात, म्हणजे आपल्या वेरूळचं कैलास लेणं होऊन फार वर्षं झाली नव्हती. पहिल्या खोलीत वाजवणाऱ्यांची रांगच आहे. खुळखुळेवाले, उंच ढोलावर हात मारणारा, कासवाची पाठ हरणाच्या शिंगानं वाजवणारे, लांबच लांब तुताऱ्या तोंडाला लावलेले. सोंगं पण आहेत, एकाच्या हातांना तर खेकड्यासारख्या नांग्या. खुळखुळेवाल्यांचे हात नीट बघा, प्रत्येकाचा हात जरा वेगळ्या जागी, ओळीनं बघत गेलं की एकच हात हललेला वाटतो.

आणि एक, माया लोकांना "नामशेष" म्हणू नका. ग्वाटेमालातल्या राबिनाल गावात राबिनाल आची हे नाचाचं नाट्य आजही जानेवारीत होतं, पकडलेल्या किचे (मायांचीच एक जमात) वीराची गोष्ट, त्याला मारायच्या आधी शेवटचं नाचू देतात. साथीला तोच लाकडी ढोल आणि तुताऱ्या. युनेस्कोनं २००५ मध्ये त्याची दखल घेतली.

प्रश्न (उदगीरच्या एक ताई): मरिंबा मायांचंच वाद्य ना?

उत्तर: ताई, मरिंबा म्हणजे लाकडी पट्ट्यांवर काठ्यांनी वाजवायचं वाद्य, ग्वाटेमालाचं राष्ट्रीय वाद्य ते आहेच, आणि माया लोक ते जीव लावून वाजवतात. पण त्याचं मूळ बहुतेक अभ्यासक आफ्रिकेत धरतात, गुलाम म्हणून नेलेल्या माणसांबरोबर ते तिकडं गेलं. प्राचीन मायांच्या यादीत घालू नका.

प्रश्न (परभणीचे शिक्षक): गॅदरिंगला पोरांकडून यातलं काही करून घेता येईल का?

उत्तर: सर, तुंकुल करा. दोन्ही बाजूंनी गाठ असलेला जाड बांबूचा तुकडा घ्या, सुताराकडून वर एच आकाराची चीर पाडून घ्या, आडवी चीर मुद्दाम मधोमध नको, जरा एका बाजूला सरकवा म्हणजे एक जीभ आखूड होईल आणि तिचा सूर चढेल. काड्यांना सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळा. कासवाच्या पाठीच्या भानगडीत मात्र पडू नका, आपल्याकडच्या कासवांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, नारळाच्या करवंटीवर काम भागतं. वाजवताना तुंकुल मांडीवर दाबून धरू नका, खाली दोन दोऱ्यांची चुंबळ ठेवा, नाहीतर आवाज बसतो.